शाळेच्या ओसरीवरून : प्रतिमा नेमकी असते कोठे?

एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. त्यांची कन्या दहावीत शिकते. पाठांतर चोख, वही नीटनेटकी, वर्गात पहिल्या पाच-सहा जणींत तिची गणना. तरीही सहामाही परीक्षेत प्रकाशाच्या प्रकरणातील दोन प्रश्नांत तिचे गुण गेले, आणि त्या दिवसापासून तिने घरी जाहीर करून टाकले आहे, की अकरावीला विज्ञान घ्यावयाचे नाही. ते आपल्या डोक्यात शिरत नाही. ते दोन्ही प्रश्न मातोश्रींनी पत्रात उतरवून पाठविले आहेत. पहिला असा : अंतर्गोल आरशाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर वस्तूची प्रतिमा कशी दिसेल? दुसरा असा : १५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशासमोर वस्तू कोठे ठेवली असता प्रतिमा तिप्पट मोठी मिळेल? पहिल्याचे उत्तर तिने 'अर्धीच प्रतिमा दिसेल' असे लिहिले. दुसऱ्याचे एक उत्तर बरोबर काढले, पण दुसरेही एक उत्तर आहे हे तिच्या ध्यानी आले नाही.

वाचकहो, मी भाषेचा शिक्षक. पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु मुख्याध्यापकाला वर्गाच्या मागच्या बाकावर बसून सर्वच विषयांचे पाठ पाहावे लागतात, आणि शिक्षक रजेवर असता कोणत्याही वर्गासमोर उभेही राहावे लागते. त्या अनुभवावरून सांगतो, की या मुलीच्या बुद्धीत काडीचीही उणीव नाही. तिने जे शिकावयास हवे होते त्याऐवजी तिला दुसरेच काही शिकविले गेले आहे, एवढेच.

तिला शिकविले गेले आहे ते एक कोष्टक. वस्तू अनंत अंतरावर, वस्तू वक्रता केंद्राच्या पलीकडे, केंद्रावर, केंद्र व नाभी यांच्या दरम्यान, नाभीवर, आणि नाभी व आरसा यांच्या दरम्यान, अशा सहा ओळी. प्रत्येक ओळीपुढे प्रतिमेचे स्थान, आकार आणि स्वरूप. आपली मुले हे कोष्टक अडीचकीच्या पाढ्यासारखे घोकतात आणि घडाघडा म्हणून दाखवितात. मात्र एखाद्या मुलाला मध्येच थांबवून 'अरे, ही प्रतिमा असते कोठे? बोट ठेवून दाखव पाहू', असे म्हटले, की ते बोट हमखास आरशाच्या काचेवर जाऊन टेकते. सारी अडचण त्या बोटात आहे. प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर चिकटलेली असते, अशी ज्याची समजूत आहे, त्याच्या दृष्टीने अर्धा आरसा झाकणे म्हणजे अर्धे चित्र झाकणे होय. त्या समजुतीला धरून मुलीचे उत्तर अगदी तर्कशुद्ध आहे!

तेव्हा आधी प्रतिमा म्हणजे काय, ते पाहू. एक पेटती मेणबत्ती घ्या. ज्योतीच्या टोकापासून प्रकाशाचे किरण सर्व दिशांना निघतात. त्यांतील पुष्कळसे आरशावर पडतात आणि परततात. अंतर्गोल आरशाच्या वळणामुळे हे परतणारे किरण पुन्हा एका बिंदूत एकत्र येतात. तो बिंदू म्हणजे ज्योतीच्या टोकाची प्रतिमा. ज्योतीच्या मध्यापासून निघालेले किरण त्याच्या शेजारच्या बिंदूत जमतात, बुडाचे आणखी निराळ्या बिंदूत. वस्तूच्या प्रत्येक बिंदूला अशी आपापली जागा मिळाली, की प्रतिमा पूर्ण झाली. वहीतील आकृतीत आपण दोनच किरण काढतो, ते केवळ सोयीसाठी. प्रत्यक्षात त्या दोहोंच्या सोबत अगणित किरण त्याच बिंदूकडे निघालेले असतात. आकृतीतले दोन किरण हे साऱ्या वऱ्हाडाच्या वतीने बोलणीला आलेले दोन वडीलधारे समजावेत.

हे किरण एका जागी जमतात तरी का? त्यासाठी निराळा नियम लागत नाही. सपाट आरशाला जो नियम, तोच येथे : किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो. अंतर्गोल आरसा म्हणजे असंख्य इवलेसे सपाट आरसे एका पोकळ गोलाच्या आतून चिकटविले आहेत, असे मानावे. प्रत्येकाचे तोंड गोलाच्या केंद्राकडे वळलेले असते. म्हणून केंद्रातून गेलेला किरण आरशावर सरळ आपटून आल्या वाटेने परततो, आणि दुरून येणारे समांतर किरण केंद्र व आरसा यांच्या साधारण मध्यावर, म्हणजे नाभीपाशी, गोळा होतात. हा खेळ शाळेच्या पटांगणात करून पाहता येतो. दहा मुलांच्या हाती दहा लहान सपाट आरसे द्यावेत आणि प्रत्येकाने आपला कवडसा सावलीतल्या भिंतीवरच्या एकाच खुणेवर पाडावा. दहा कवडसे एकावर एक पडून ती खूण कशी लख्ख उजळते, ते पाहिलेले मूल नाभीची व्याख्या सहसा विसरत नाही.

आता घरातला प्रयोग. विज्ञान साहित्याच्या दुकानात लहान अंतर्गोल आरसा फार महाग मिळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन दिवस मागून आणला तरी चालेल. दाढीचा मोठे दाखविणारा आरसाही चालतो. मात्र त्याचे नाभीय अंतर बहुधा बरेच मोठे असते. दिवसा खोलीतले दिवे मालवून एकच खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्यासमोर, जरा आत, आरसा धरावा. दुसऱ्या हातात पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी घेऊन ती आरशासमोर किंचित बाजूला धरावी व हळूहळू पुढे-मागे सरकवावी. एका ठिकाणी त्या पट्टीवर बाहेरचे झाड, समोरच्या घराची गच्ची, तारेवर वाळणारे कपडे, सारे उलटे आणि रंगांसह उमटेल. झाड दूर असल्यामुळे आरशापासून पट्टीपर्यंतचे अंतर हेच जवळजवळ नाभीय अंतर. फूटपट्टीने ते मोजावे व वहीत लिहून ठेवावे. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. आरसा सूर्याकडे कधीही रोखू नये, त्यात सूर्य पाहू नये, आणि प्रयोग झाल्यावर तो उन्हाच्या खिडकीत तसाच ठेवून जाऊ नये. कागद वा पडदा पेट घेऊ शकतो.

चित्र स्पष्ट उमटले, की एकाने अर्धा आरसा पुठ्ठ्याने झाकावा. झाड अर्धे होत नाही! पूर्ण झाड तसेच राहते. फक्त मंद होते. पंगतीत दहा वाढपी फिरत असून प्रत्येक जण प्रत्येक पानावर थोडे थोडे वाढीत असेल, आणि त्यांतील पाच निघून गेले, तर अर्धी पाने रिकामी राहत नाहीत; प्रत्येक पानावर कमी पडते, इतकेच. आरशाचा प्रत्येक भाग प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूला प्रकाश वाढीत असतो. परीक्षेतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे, आणि ते सांगण्यासाठी एकही सूत्र लागत नाही.

आता कागदाची पट्टी काढून घ्या आणि मुलांना विचारा : प्रतिमा कोठे गेली? बहुतेक जण म्हणतील, 'नाहीशी झाली.' अमेरिकेतील फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅक्डरमॉट या पदार्थविज्ञानाच्या दोन अध्यापकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असलेच प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले होते. पडद्यावाचून प्रतिमा असूच शकत नाही, आणि अर्धे भिंग झाकले की अर्धी प्रतिमा जाते, असे सांगणारे त्यांत पुष्कळ निघाले, आणि तेही हा विषय शिकून झाल्यानंतर! तेव्हा आपल्या दहावीच्या मुलीने खंत करण्याचे कारण नाही. तिच्याहून मोठी मंडळी याच ठिकाणी अडखळलेली आहेत.

वास्तविक कागद निघाला तरी किरण त्याच जागी येऊन भेटतात आणि पुढे जातात. दिवेलागणीनंतर मेणबत्ती घेऊन हे नीट पाहता येते. आरसा टेबलावर उभा करावा, ज्योत त्यापासून तीन नाभीय अंतरांवर ठेवावी आणि आपण तिच्याही मागे दूर उभे राहून आरशाकडे पाहावे. उलटी, लहान ज्योत दिसेल. ती काचेत आहे असा पहिला भास होतो. तेव्हा पेन्सिलीचे टोक आरशासमोर, ती ज्योत जेथे असावी असे वाटते तेथे, धरावे आणि मान डावी-उजवीकडे हलवावी. टोक व ज्योत एकमेकांपासून सरकत असतील तर ती दोन निराळ्या अंतरांवर आहेत. पेन्सिल पुढे-मागे करता करता एक जागा अशी सापडते, की मान कितीही हलविली तरी दोन्ही जोडीनेच राहतात. ती ज्योतीच्या प्रतिमेची जागा, काचेच्या पुढे, रिकाम्या हवेत! वास्तव प्रतिमा म्हणतात ती हीच. काचेवर टेकणारे ते बोट येथे आपोआप उचलले जाते.

एवढे झाले, की कोष्टक पाठ करण्याची गरज राहत नाही, कारण त्या सहा ओळी म्हणजे एकाच प्रवासातील सहा मुक्काम आहेत. १५ सेंटिमीटर नाभीय अंतराचा आरसा घेऊन मेणबत्ती दुरून आरशाकडे चालवीत आणा. ती फार दूर असते तेव्हा प्रतिमा नाभीपाशी, १५ सेंटिमीटरवर, अगदी इवलीशी. मेणबत्ती ४५ वर आली, की प्रतिमा साडेबावीसवर येते आणि निम्म्या आकाराची होते. वस्तू आत येते आहे, प्रतिमा बाहेर निघाली आहे. ३० वर, वक्रता केंद्रापाशी, दोघींची गाठ पडते. आकार सारखा, मात्र प्रतिमा उलटी. मेणबत्ती २० वर आणा : प्रतिमा ६० वर आणि तिप्पट. १६ वर आणा : प्रतिमा २४० सेंटिमीटरवर, समोरच्या भिंतीपाशी, पंधरापट मोठी आणि फिकट. एक सेंटिमीटर आणखी पुढे, म्हणजे नाभीवर, येताच परतणारे किरण समांतर होतात. ते कोठेच भेटत नाहीत आणि प्रतिमा अनंतात निघून जाते.

त्याही पुढे १४ वर आणल्यास काय होते? किरण आता परतताना फाकत जातात. पुढे कधीच भेटणार नाहीत. पण त्यांच्या रेषा मागे वाढविल्या तर त्या आरशापाठीमागे २१० सेंटिमीटरवर मिळतात, आणि डोळ्याला तेथे पंधरापट मोठी, सुलटी प्रतिमा दिसते. १० वर आणली, तर प्रतिमा आरशामागे ३० वर आणि तिप्पट. ५ वर आणली, तर साडेसातवर आणि दीडपट. मेणबत्ती आरशाला भिडली, की प्रतिमाही मागून येऊन तिला भिडते.

परीक्षेतील दुसरा प्रश्न आता आपोआप उलगडतो. या प्रवासात प्रतिमा दोन वेळा तिप्पट झाली : वस्तू २० वर असता आणि वस्तू १० वर असता. पहिली उलटी, वास्तव, कागदावर धरता येण्याजोगी. दुसरी सुलटी, आभासी. नाभीच्या दोन बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरवर ही दोन ठिकाणे आहेत, हाही काही योगायोग नव्हे. १६ आणि १४ यांची जोडी तशीच आहे. ज्या अधिक-उणे चिन्हांना मुले भितात, ती चिन्हे हेच सांगतात. आवर्धन उणे तीन म्हणजे उलटी तिप्पट, अधिक तीन म्हणजे सुलटी तिप्पट. प्रश्नात चिन्ह दिले नसेल तर दोन्ही उत्तरे द्यावयाची. व्यस्तांकांचे सूत्र अवश्य शिकावे, पण प्रवास डोळ्यांनी पाहून झाल्यावर. मग सूत्र पाहिलेल्या गोष्टीचा हिशेब होते. आधी शिकविले तर ते न पाहिलेल्या गावाचे टाइमटेबल ठरते.

बहिर्गोल आरशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचा स्वभाव सरळ आहे. तेथे वस्तू कोठेही ठेवा. प्रतिमा सुलटी, लहान आणि आरशामागे, नाभीच्या अलीकडेच राहते. लहान असल्यामुळे रस्त्याचा मोठा भाग तीत मावतो, म्हणून मोटारीच्या व स्कूटरच्या बाजूला हा आरसा लावतात. मागचे वाहन त्यात दिसते त्याहून प्रत्यक्षात जवळ असते, ही गोष्ट मात्र घरातील नव्या चालकांना जरूर सांगून ठेवावी. जेवताना चमकदार पळी हाती घेतली, तर दोन्ही आरसे एकाच वस्तूत सापडतात. पाठीकडून सुलटे तोंड, पोटाकडून उलटे. आणि पोटाकडच्या बाजूला बोटाचे टोक अगदी जवळ नेले, की तेही सुलटे व मोठे होते.

नाभी त्रिज्येच्या मध्यावर असते, याचा दाखला स्वयंपाकघरातच मिळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात स्टीलच्या पेल्यात दूध ठेवावे. पेल्याच्या आतल्या गोल भिंतीवरून परतलेला प्रकाश दुधावर एक तेजस्वी वक्र रेषा काढतो आणि तिच्या मध्यभागी एक टोक दिसते. ते टोक उजळलेली भिंत आणि पेल्याचे केंद्र यांच्या बरोबर मध्यावर असते. पण प्रकाश केवळ त्या टोकाशी न जमता दोन्ही बाजूंना रेषेवर पसरलेला दिसतो, कारण गोल वळणाच्या कडेचे किरण मध्यल्या किरणांच्या ठिकाणी येऊन मिळत नाहीत. म्हणूनच पुस्तकात अक्षाजवळच्या किरणांचाच विचार करतात, आणि मोठ्या दुर्बिणींच्या आरशांना निव्वळ गोलाचे वळण चालत नाही. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी अधिक सपाट घासली गेली होती. तेवढ्याने ताऱ्यांची चित्रे धूसर आली, आणि १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन दोष सुधारणारी उपकरणे बसविली, तेव्हा ती स्पष्ट झाली.

शेवटी शब्दांविषयी, कारण तो माझ्या अधिकाराचा प्रांत. आपल्या इंदूरकडील मुले शाळेत 'अवतल दर्पण' शिकतात. गुजरातेत तोच 'अंतर्गोळ अरीसो', कन्नड शाळेत 'निम्न दर्पण', इंग्रजी माध्यमात 'कॉन्केव्ह मिरर'. घरात आजोबांनी 'अंतर्गोल आरसा' म्हटले, की नातवंडांना वाटते, यांचे विज्ञान निराळे आहे! ते निराळे नाही. अंतर्गोल म्हणजे आतून गोल. अवतल म्हणजे ज्याचा तळ खाली गेला आहे तो. कॉन्केव्हमध्ये पोकळीचा अर्थ आहे. दर्पण शब्द तर बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ सालच्या पत्रापासून मराठी वाचकाच्या परिचयाचा. 'फोकस' हा शब्द या अर्थी केप्लरने १६०४ साली योजिला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. सूर्याचे किरण जेथे जमून अन्न शिजवितात त्या सौरचुलीच्या तबकडीला याहून योग्य शब्द सापडला नसता. आणि 'आभासी' म्हणजे खोटी, असे मुलांना कधीही सांगू नये. रोज सकाळी ज्या आरशात आपण भांग पाडतो त्यातील प्रतिमा आभासीच असते. मोबाईलने तिचे छायाचित्रही निघते. किरण प्रत्यक्ष तेथे जात नाहीत, तेथून आल्यासारखे भासतात, एवढाच त्याचा अर्थ.

पालकांना माझे सांगणे इतकेच, की मुलांना हे घरी आपल्या भाषेत दाखवावे आणि शाळेचे शब्द त्यावर मागाहून बसवावेत. पदार्थविज्ञान शिकलेले नसले तरी आई-वडिलांना वा आजी-आजोबांना यात काही अडचण नाही. आरसा, मेणबत्ती, कागदाची पट्टी आणि पेन्सिल, एवढे साहित्य पुरे. उत्तर सांगण्याची घाई मात्र कोणी करू नये. 'आता काय होईल?' असे आधी विचारावे, मुलाचे म्हणणे वहीत लिहून घ्यावे, आणि मग मेणबत्ती सरकवावी. अकरावीला विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हा निर्णय मुलीने अवश्य आपल्या मनाने करावा. मात्र तो कोष्टकाच्या भीतीपोटी होऊ नये. एक संध्याकाळ प्रतिमेच्या शोधात घालविल्यानंतर ती जे ठरवील ते योग्यच असेल.

पुढील अंकी भिंगांविषयी. त्यासाठी आजोबांचा जाड काचेचा वाचण्याचा जुना चष्मा टाकून न देता जपून ठेवावा, ही विनंती.